मी न ऐकलेला आवाज

माझा आवाज चांगला आहे. हे फुशारकीनं सांगत नाही, दुखणं सांगावं तसं सांगतोय. तो घशातून निघाला की समोरच्याच्या खांद्यावर हात टाकतो, आणि मग मी नेमकं काय बोलतोय याकडे कुणाचं फारसं लक्ष राहत नाही. तीस वर्षं मी याच आवाजावर बियाणं विकलं. नांदेड, कंधार, अहमदपूर, देगलूर या पट्ट्यातल्या दुकानांच्या पायऱ्यांवर बसून मी सोयाबीनच्या शेंगांचं असं वर्णन केलं आहे, की त्या शेंगांनी ऐकलं असतं तर लाजेनं उगवल्याच नसत्या. काही वर्षी नाहीच उगवल्या.

दोन वर्षांपूर्वी मी या आवाजात एक गोष्ट सांगितली. देव माझ्याशी बोलला, असं सांगितलं. तो बोलला नव्हता. त्या गोष्टीपायी एका बाईनं आपल्या नवऱ्याच्या कबरीवर दगड बसवायचं थांबवलं. तो दगड बसायला मी काय बोलायला हवं, ते मला कळत होतं; पण तोंडातून निघत नव्हतं. ज्याच्या तोंडातून तीस वर्षं काहीही निघत होतं, त्याच्या.

त्या बाईचा नवरा आमच्याच मंडळीतला, म्हणजे आमच्या चर्चमधला. नांदेडला त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. शेतातल्या जळालेल्या मोटारी यायच्या आणि हा दिवसभर मान खाली घालून तांब्याची तार गुंडाळत बसायचा. मोटारी चालवून बघताना होणाऱ्या घरघरीनं त्याचे कान जरा कमी झाले होते. रविवारी चर्चमधला माइक तोच लावायचा. लावून झाल्यावर लोक ‘हॅलो, हॅलो’ करतात, हा तेही करत नसे. बोटानं दोनदा टकटक केलं की झालं. त्याला प्रार्थना करायला सांगितली तर उभा राहून म्हणायचा, “प्रभू, आजचा दिवस दिलास. बरं झालं. आमेन.” आणि बसायचा.

त्याच्यानंतर माझी पाळी आली की पाळकसाहेब माझ्याकडे न बघता म्हणायचे, “थोडक्यात.” मी कधी थोडक्यात आटपलं नाही. पावसापासून पंतप्रधानांपर्यंत सगळ्यांना देवाच्या हाती सोपवून मगच खाली बसायचो. माझी बायको घरी आल्यावर म्हणायची, “देवाला सगळं आधीच माहीत असतं म्हणता ना? मग त्याला दर रविवारी बातम्या कशाला देता?”

त्या वर्षी लातूरला तीन दिवसांची जागृती सभा होती. जानेवारी संपत आला होता. आम्ही दहा-बारा जणांनी एक मिनीबस ठरवली आणि जेवणं उरकून दुपारी नांदेडहून निघालो. मी सवयीप्रमाणे सगळ्यांच्या आधी चढून ड्रायव्हरच्या मागची उजवीकडची खिडकी धरली. सवयीचा उपयोग झाला नाही. लोह्याला चहासाठी थांबेपर्यंत ऊन नेमकं त्याच खिडकीतून आत यायला लागलं. खिडकीचा पडदा कधीचाच गळून गेला होता. माझा उजवा गाल भाजून निघाला होता.

चहानंतर सगळे परत चढले. मोटारवाला गृहस्थ डावीकडे सावलीत बसला होता. मी त्याच्यापाशी वाकलो आणि त्याच्या कानाशी, माझ्या त्या चांगल्या आवाजात म्हणालो, “भाऊ, तुम्ही दिवसभर दुकानात कोंडून असता. जा, माझ्या खिडकीत बसा. तिकडनं शिवारं लई झकास दिसतात. मला काय, रोजचंच आहे.”

त्याला आश्चर्य वाटलं. मी कधी कुणाला जागा दिल्याचं त्यानं पाहिलं नसावं. तो लगबगीनं उठला, खिडकीत जाऊन बसला, आणि तिथून मागे वळून म्हणाला, “लई उपकार झाले.”

मी सावलीत बसलो, पाय लांब केले आणि झोपलो.

अहमदपूरच्या अलीकडे समोरून उसाची ट्रॉली येत होती. नंतर लोकांनी सांगितलं, ती एका बाजूला कलली होती आणि उसाचे शेंडे रस्त्यात आले होते. मी ते पाहिलं नाही. मला जाग आली ती आवाजानं, आणि तो आवाज कुणाचाही नव्हता. काच, पत्रा आणि ऊस यांचा होता. माझ्या कपाळाला चार टाके पडले. ड्रायव्हरचा पाय मोडला. उजवीकडच्या खिडकीतला माणूस जागीच गेला.

दवाखान्यात पाळकसाहेब आले. मी म्हणालो, “देवाच्या कृपेनं वाचलो.” एवढं खरं होतं. तिथंच थांबायला हवं होतं.

आमच्याकडे साक्ष द्यायची पद्धत आहे. संकटातून माणूस वाचला, आजारातून उठला, की तो मंडळीपुढे उभा राहतो आणि देवानं आपलं काय केलं ते सांगतो. चांगली पद्धत आहे. तिच्यात एकच खोट आहे: ऐकणारे फार प्रेमानं ऐकतात. टाके निघाल्यावरच्या रविवारी मी उभा राहिलो. चर्चमध्ये कुणी खोकत नव्हतं. “माझ्या मनात आलं, की जागा बदलावी,” मी म्हणालो. पुढच्या बाकावरून कुणीतरी हळूच ‘हालेलुया’ म्हणालं. तुम्ही कधी बियाणं विकलं असेल तर तुम्हाला माहीत असेल, गिऱ्हाईक मान हलवतं त्या जागी पुढच्या वेळी जरा जास्त थांबायचं असतं.

कंधारला एका घरी प्रार्थनासभा होती. तिथं मी म्हणालो, “आतून कुणी तरी सांगितल्यासारखं वाटलं.” अहमदपूरला ‘वाटलं’ गळालं. “आवाज आला, ऊठ, जागा बदल.” देगलूरला पोचेपर्यंत आवाजानं मला माझ्या नावानं तीनदा हाक मारली होती. तिथं निम्मे लोक तेलुगू बोलणारे, म्हणून एक भाऊ शेजारी उभा राहून तेलुगूत सांगत होता. माझ्या एका वाक्याला त्याची तीन वाक्यं. नंतर कळलं, की त्यानं पदरचा थोडा उजेडही घातला होता. मी त्याला बोललो नाही. कोणत्या तोंडानं बोलणार?

मेलेल्या माणसाबद्दल मी एवढंच म्हणायचो: “माझ्या जागेवर बसलेले बंधू प्रभूकडे गेले.” मग पुढे सरकायचो.

आणि एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. मला तो आवाज ऐकू यायला लागला. सांगून सांगून त्याला माझ्या डोक्यात जागा मिळाली. आंघोळ करताना, एखाद्या गिऱ्हाइकाच्या दुकानातल्या पंख्याखाली, बसमध्ये डुलकी लागताना: ऊठ, जागा बदल. इतका स्पष्ट, की खरं काय घडलं ते त्याच्यापुढे पुसट होत चाललं. मोटारवाल्याचा चेहरा आठवायला मला डोळे मिटावे लागायचे, आणि डोळे मिटले की आवाज यायचा. त्याची लय, त्याचे थांबे, सगळं माझंच होतं. देव माझ्यासारखा बोलत होता. यावरून तरी मला कळायला हवं होतं.

देगलूरच्या साक्षीचं कुणी तरी मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं होतं. ते फिरत फिरत कुठं कुठं गेलं याचा मला पत्ता नव्हता. एकदा अहमदपूरच्या एका दुकानात गेलो. दुकानदार जुना गिऱ्हाईक, शिवभक्त, कपाळावर विभूतीचे पट्टे, हिशेबी आणि हसरा. मला बघताच म्हणाला, “शरणार्थ, या या. तुम्हाला एक ऐकवतो. निस्ता आवाज ऐका आन् सांगा कुणाचा.”

त्यानं मोबाइल काउंटरवर ठेवला आणि मी माझ्यापुढे बोलायला लागलो. बियाण्याच्या पिशव्यांमध्ये उभा राहून मी माझी साक्ष ऐकली. चांगली होती. माझाच विश्वास बसला असता.

“आईला ऐकवलं,” दुकानदार म्हणाला. “म्हातारी रडली की हो. एक इचारू का? राग न्हाई ना यायचा?”

“विचारा की.”

“तुमच्या जाग्यावर जो बसला, त्याला का न्हाई सांगितलं तुमच्या देवानं?”

तोवर साक्ष ऐकलेल्या शेकडो ख्रिस्ती माणसांनी हे विचारलं नव्हतं. मी म्हणालो, “देवाचे मार्ग न्यारे असतात, मालक.”

“हाव, ते हायच,” तो म्हणाला. “बियाणं उगवलं न्हाई की तुम्ही पावसाचे मार्ग न्यारे म्हणता, तसं.” आणि हसत त्यानं चहा सांगितला. तो चहा मी कसा प्यालो ते मलाच ठाऊक.

त्याच आठवड्यात मोटारवाल्याची बायको आमच्या घरी आली. ती घरी साड्यांना पिको-फॉल करते. हातात साड्यांची पिशवी होती, कुणाची तरी द्यायला निघाली असावी. माझ्या बायकोनं पाणी दिलं. ती प्याली नाही.

“दादा,” ती म्हणाली, “त्या दिवशीचा आवाज बाईचा होता का बाप्याचा?”

माझ्या हातातला पेपर तसाच राहिला.

“मराठीतच होता ना? आन् तुमचं नाव घेतलं? पुरं नाव, का निस्तं?”

“वहिनी, हे असं… हे आत्म्याचं असतं…”

“मला सगळे शब्द पाहिजेत,” ती म्हणाली. ती रडत नव्हती. गिऱ्हाईकाला साडीचा रंग विचारावा तसं विचारून राहिली होती. “रेकॉर्डिंग मी लई बार ऐकलं. तुम्ही म्हणता, आवाज तीनदा आला. बस केवढीशी? त्यांची जागा तुमच्यापासून किती लांब? म्हणजे दोनच गोष्टी राहिल्या. एक तर देवानं त्यांना बोलावलंच न्हाई. न्हाई तर बोलावलं आन् त्यांना ऐकू गेलं न्हाई. त्यांचे कान कमी झाल्ते, तुम्हाला माहीतच हाय.”

मी पेपरची घडी घातली.

“कानाच्या डॉक्टरकडं चला म्हणून मी दोन वर्षं मागं लागले होते. ते पुढच्या महिन्यात, पुढच्या महिन्यात करायचे. मीच धरून न्यायला पाहिजे होतं का, दादा?”

माझ्या खोटेपणाला कान उगवले होते, आणि ते एका मेलेल्या माणसाचे होते. मला त्या क्षणी तोंड उघडायचं होतं. उघडलंही. आणि त्यातून काय निघालं? बायबलमधलं वचन. नंतर दुसरं वचन. दोन्ही खरी होती, पवित्र होती, आणि मी ती दाराला खुर्ची लावावी तशी लावत होतो.

तिनं दोन्ही ऐकून घेतली. मग म्हणाली, “वचनं मला बी येतात.” पिशवी उचलली. “कबरीचा कारागीर थांबलाय. ‘प्रभूमध्ये झोपी गेले’ असं कोरू का म्हणून इचारून राहिलाय. मी म्हणलं, थांब. देवानं ज्याला वळखलंच न्हाई, त्याच्या दगडावर असलं खोटं मी कसं कोरून घेऊ? चर्चमधी प्रभुभोजनाला बी मी जाऊन न्हाई राहिले. भाकर हातात घ्यावी वाटंना.”

ती गेल्यावर माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात तशीच उभी होती. “खरं काय झाल्तं त्या दिवशी?” तिनं विचारलं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. मी रंगवून सांगतोय हे ती माझ्या मानेवरून ओळखते. पण हे तिनं इतके महिने विचारलं नव्हतं. तिलाही बहुतेक नको होतं.

मी सांगितलं. ऊन, पडदा, शिवारं झकास दिसतात.

तिनं न प्यालेल्या पाण्याचा पेला उचलला. मग म्हणाली, “उन्हासाठी?”

“हाव.”

“तुमच्या पिशवीत टोपी होती की. मीच घातली होती.”

टोपी होती. तेव्हाही होती, वर, पिशवीच्या तोंडाशी. मी काढली नव्हती, कारण टोपीनं केस बसतात आणि लातूरला उतरल्यावर मला चारचौघांत उभं राहायचं होतं.

यानंतरही मी पंधरा दिवस घालवले. त्या पंधरा दिवसांत मी स्वतःशी काय काय युक्तिवाद केले ते सांगितले तर मला वकिलाची सनद मिळेल. साक्षीनं लोकांचा विश्वास वाढला. म्हातारी रडली. जागा बदलायचं मनात आलं, ते देवानंच आणलं नसेल कशावरून? पण माझ्या मनात काय आलं होतं ते मला माहीत होतं. बसमध्ये आता मला सावलीत बसवत नव्हतं. कंडक्टर म्हणायचा, “साहेब, तिकडं रिकामं हाय की.” मी उन्हात बसून राहायचो. त्यानं कुणाचं काही भलं होत नव्हतं, पण डोळे मिटायला भीती वाटायची आणि उन्हात झोप लागत नाही.

शेवटी एका दुपारी मोटारवाल्याच्या घरी गेलो. त्याची बायको मशीनवर होती. एका जांभळ्या साडीचा काठ सुईखालून सरकत होता. मी बसलो नाही. बसलो असतो तर गप्पा सुरू झाल्या असत्या.

“वहिनी, आवाज आला नव्हता,” मी म्हणालो.

मशीन थांबलं.

“मला ऊन लागत होतं. मी त्यांना म्हणालो, शिवारं चांगली दिसतात, माझ्या जागी बसा. मी त्यांना फसवून सावली घेतली. आणि झोपलो. एवढंच झालं.”

“म्हणजे तुम्हाला कुणी बोलावलं न्हाई?”

“न्हाई.”

“त्यांना बी न्हाई?”

“कुणालाच न्हाई.”

तिनं साडी मांडीवर घेतली. ती ओरडेल, मशीनवरची कात्री फेकेल, निदान हाकलून देईल, याची मी तयारी करून गेलो होतो. खरं सांगायचं तर वाटेत मी त्याची उत्तरंही बसवली होती. तिनं यातलं काही केलं नाही. खाली बघत म्हणाली, “मग ते बसले कसे? काही म्हणले?”

“लई उपकार झाले, म्हणाले.”

बाहेरून जाणाऱ्या भाजीवाल्याची हाक पूर्ण गल्ली ओलांडून गेली. मग म्हणाली, “तुम्ही दिलेल्या जाग्यासाठी त्यांनी उपकार मानले.” आणि माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी कुणाला सांगू शकणार नाही, आणि रंगवून तर नाहीच नाही.

“जिथं जिथं सांगितलं, तिथं तिथं जावा,” ती म्हणाली. “माझ्याजवळ सांगून काय करता? माझ्याजवळ तुम्ही ते सांगितलंच न्हवतं.”

पाळकसाहेबांकडे गेलो. त्यांनी ऐकलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “भाऊ, कंधारच्या दोन घरांनी तुमची साक्ष ऐकून पुन्हा उपासना धरलीय. त्यांना काय सांगायचं?”

“खरं काय झालं ते.”

“हे आधी सुचलं असतं तर बरं झालं असतं,” ते म्हणाले. बरोबर होतं. मग थोड्या वेळानं म्हणाले, “मी पण विचारलं नाही तुम्हाला. मलाही ती साक्ष आवडली होती.” त्या माणसाबद्दलचा माझा आदर त्या दिवशी वाढला.

आमच्या चर्चमध्ये मी उभा राहिलो आणि सांगितलं. कुणी ‘हालेलुया’ म्हणालं नाही. मागच्या बाकावर मोटारवाल्याची बायको बसली होती. उपासना संपल्यावर एक ज्येष्ठ सभासद माझा हात दाबून म्हणाले, “किती नम्रता!” मी म्हणालो, “काका, नम्रता न्हाई ओ, मी खोटं बोललो होतो.” ते म्हणाले, “तेच, तेच. नम्रता.”

अहमदपूरला सांगितलं. तिथल्या दुकानदारालाही सांगितलं. तो म्हणाला, “आता आईला काय सांगू? ती रोज शेजारणींना ऐकवून राहिली.” मी म्हणालो, मीच येतो. म्हातारीनं मला नीट बघून घेतलं आणि म्हणाली, “मोबाइलमधला माणूस चांगला हाय. तू न्हाई.” तिच्याएवढा नेमका निकाल मला कुणी दिला नाही.

मग कंधार. बरोबर बायको होती. त्याच घरात, त्याच सतरंजीवर मी सांगायला लागलो. ‘मी त्यांना फसवून सावली घेतली’ इथं आलो आणि थांबलो. आवाज जरा खाली घेतला. समोरच्या एका बाईनं पदर डोळ्यांना लावला. मला ती थांबायची जागा आवडली. मी डोळे पुसले, जे फारसे ओले नव्हते, आणि पुढच्या वाक्यात मी पश्चात्ताप दवाखान्याच्या खाटेवर नेऊन ठेवला, जिथं मला असला काही पश्चात्ताप झालाच नव्हता.

परत येताना बसमध्ये बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली, “ही बी साक्ष चांगली रंगात येऊन राहिली.”

मी तिकिटाची घडी करत बसलो.

“देगलूरला आता उजेड कुठं पाडणार?”

घरी येऊन मी जे झालं ते एका कागदावर लिहिलं. सात वाक्यं झाली. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्याकडची वाक्यं पुरली. देगलूरला मी कागदावरून वाचलं, मान वर न करता, शाळेतल्या पोरानं धडा वाचावा तसं. तेलुगूत सांगणाऱ्या भावाला आधीच म्हणालो, “सात वाक्यं आहेत. तुमची पण सातच पाहिजेत.” त्याची नऊ झाली. मी त्याला वाढीव दोन परत घ्यायला लावली, सगळ्यांसमोर. लोक ताटकळले. कुणाला काही बरं वाटलं नाही. मलाही नाही.

रेकॉर्डिंग मात्र माझ्या हातात नव्हतं. ते अजून फिरतंय. गेल्या महिन्यात लातूरच्या एका लग्नात कुणीतरी माझ्या शेजारीच बसून ते ऐकत होतं. मी म्हणालो, हे खरं नाही. तो म्हणाला, तुम्हाला काय माहीत? मी म्हणालो, हा मी आहे. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मोबाइलकडे पाहिलं, आणि जरा लांब सरकून बसला. मी जाईन तिथं तो दुसरा मी माझ्या आधी पोचलेला असतो, माझ्यापेक्षा बरं बोलणारा, आणि मी मेल्यावरही तो बोलत राहील.

देगलूरहून आल्यावर मी मोटारवाल्याच्या बायकोकडे गेलो. गावांची नावं सांगितली, कुठं काय झालं ते सांगितलं. कंधारचंही सांगितलं, तिथल्या रडण्याच्या सोंगासकट. ती ऐकत फॉल लावत होती.

“एक राहिलं,” ती म्हणाली. “लोह्यापासून तिथवर किती वेळ झाला असंल?”

“चाळीसेक मिनिटं.”

“तेवढा वेळ ते खिडकीत होते.”

“हाव.”

“काय करून राहिले होते?” तिनं सुई थांबवली. “घरी कामात असले की गीत गुणगुणायचे, कमी ऐकू यायचं म्हणून जरा मोठ्यानंच. बसमध्ये गुणगुणत होते का? शिवारं बघत होते का? का काही बोलले? सांगा, म्हणजे कारागिराला सांगते.”

माझ्यापुढे ते सगळं तयार होतं. रस्त्याच्या कडेला फुललेली करडई, पिवळी, मध्ये नारिंगी. हरभऱ्याचं हिरवं. शाळूची उभी ताटं आणि त्यांच्यावर कलतं ऊन. खिडकीच्या गजाला कपाळ टेकलेला माणूस, ओठ हलताहेत, सूर जरा मोठा, शेवटची ओळ. ट्रॉली यायच्या आधी एक क्षण चेहऱ्यावर हसू. एकही गोष्ट अशक्य नव्हती. कदाचित झालंही असेल असंच. तीन वाक्यं, आणि दगड उद्या बसला असता. ती झोपली असती. आणि हे खोटं मी माझ्यासाठी बोललो नसतो. माझ्या आयुष्यातलं पहिलंच, दुसऱ्यासाठी. माझा घसा आपोआप साफ झाला. तो चांगला आवाज वर यायला लागला, मला कळलं.

“वहिनी, मला माहीत न्हाई,” मी म्हणालो. “मी झोपलो होतो.”

“सगळा वेळ?”

“सगळा वेळ.”

“एकदा बी डोळे उघडले न्हाईत?”

“न्हाई.”

तिचा चेहरा पडला. मी ते होताना पाहिलं. मी ते थांबवू शकत होतो, अजूनही, नुसतं ‘थांबा, आठवलं’ म्हणून. मी जिभेला दातांखाली धरलं. अगदी खरोखर धरलं, दुखलं.

ती उठून आत गेली. पाणी प्यायल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा पदरानं तोंड पुसत होती.

“तुम्हाला माहीत न्हाई,” ती म्हणाली.

“न्हाई.”

“मग तो वेळ कुणाचाच न्हाई. ते होते, आन् देव होता. मध्ये कुणी न्हाई.” ती मशीनपाशी बसली, पण पाय पायडलवर ठेवला नाही. “तुम्ही काही सांगितलं असतं, तर मला दर वेळी ते तुमच्या आवाजात ऐकू आलं असतं.”

तिनं मोबाइल घेतला आणि कारागिराला फोन लावला. पलीकडे छिन्नीचा ठणठणाट होता, त्याला ऐकू जाईना. ती मोठ्यानं सांगू लागली, एकेक शब्द तोडून: पहिल्या ओळीत नाव, खाली जन्माचं आणि मरणाचं साल, आणि त्याखाली ‘प्रभूमध्ये झोपी गेले’. त्यानं विचारलं असावं, आणखी एखादं वचन हवं का, जागा उरतेय.

“न्हाई,” ती म्हणाली. “उरली तर उरू द्या.”